लखोटा कोणीं उघडावा?

सुशिक्षित घरांत चार मंडळी एकत्र बसली आणि राजकारणाचा विषय निघाला कीं, अलीकडे एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "ज्याला लपवायचें कांहीं नाहीं, त्यानें भ्यावें कशास?" सरकार टेलिफोन ऐकतें अशी बातमी येवो, आधारपत्र अमक्या खात्यास जोडा असा हुकूम निघो, कीं चौकांत नवे कॅमेरे बसोत, हें वाक्य उच्चारणारा गृहस्थ तयारच असतो. तो बहुधा सज्जन असतो, कर वेळेवर भरणारा असतो, आणि आपल्या सज्जनपणाचें हें वाक्य म्हणजे एक प्रमाणपत्रच आहे असें त्यास मनापासून वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. कां मान्य नाहीं, हें आज सांगण्याचें योजिलें आहे. कारण राजकारण, धर्म, नागरिकांचे हक्क आणि नवीं यंत्रें या चारहि विषयांवरील आमच्या मतांचें मूळ या एकाच प्रश्नांत आहे.

प्रथम आपल्या घरच्या ग्रंथाकडे वळूं. आदिपर्वांतील लाक्षागृहाची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तींतील एका लहानशा प्रसंगाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पांडव वारणावतास निघाले तेव्हां विदुरानें युधिष्ठिरास, इतरांस कळूं नये म्हणून, म्लेच्छ भाषेंत पुढील संकटाची सूचना दिली. विदुर काय बोलला हें जवळ असलेल्या कुंतीसहि उमगलें नाहीं. तिनें विचारल्यावर युधिष्ठिरानें तें उलगडून सांगितलें. आतां पांडवांनीं असा कोणता अपराध केला होता कीं त्यांच्याशीं गुप्त भाषेंत बोलावें लागावें? लपविण्यासारखें पाप दुर्योधनाच्या पदरीं होतें. आडपडद्याची गरज मात्र निरपराध्यांस पडली. ज्याच्या हातीं सत्ता आहे तो न्यायीच असेल अशी हमी नसते, म्हणून ती पडली. वात्स्यायनानें चौसष्ट कलांच्या यादींत म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक भाषेचें ज्ञान, घातलें आहे. दुसऱ्या बाजूस कौटिल्याचें अर्थशास्त्र पाहावें, तर त्यांत विद्यार्थी, संन्यासी, गृहस्थ, व्यापारी, तपस्वी अशा नाना वेषांनीं हिंडणाऱ्या हेरांची पद्धतशीर व्यवस्था सांगितलेली आहे. तात्पर्य, राजानें प्रजेचें बोलणें ऐकणें आणि प्रजेनें आपलें बोलणें राखणें हीं दोन्ही कामें आपल्याकडे जुनीं आहेत. तीं टेलिफोनाबरोबर परदेशांतून आलीं असें नाहीं.

पाळत ठेविल्यानें अपराधी सांपडतात हें खरें. परंतु पाळतीनें आणखीहि एक गोष्ट घडते, आणि ती कोणत्याहि सरकारी अहवालांत येत नाहीं. आम्हीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें शाळेंत घालविलीं. मुलांकडून दैनंदिनी लिहवून घ्यावी व ती दर शनिवारीं तपासावी, असा उपक्रम पुष्कळ शाळांतून होत असे. अशा दैनंदिनींतला मुलगा रोज पहाटे पांचास उठतो, सूर्यनमस्कार घालतो, आईस पाणी भरूं लागतो आणि गणिताचा अभ्यास करून नऊ वाजतां निजतो. वर्गांतील चाळीसहि मुलें अशींच! तपासणाऱ्यास काय रुचतें तें मुलांनीं बरोबर ओळखलेलें असतें. मुलाचें मन कळावें म्हणून वही ठेवविली, आणि मन तेवढें वहीबाहेर राहिलें. मोठ्या माणसांची गोष्ट याहून निराळी नाहीं. आपलें बोलणें कोणी ऐकत आहे असें कळलें कीं मनुष्य आधीं बोलणें बदलतो. आणि बरेच दिवस बोलणें बदललें म्हणजे विचारहि त्याच मापाचा होऊं लागतो.

ही गोष्ट राज्यकर्त्यांस ठाऊक नाहीं असें नाहीं. मतदानाच्या जागीं पुठ्ठ्याचा आडोसा कशासाठीं उभा करतात? मत देणें हें कांहीं लाजेचें कृत्य नव्हे. तरीहि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें ९४ वें कलम असें सांगतें कीं, आपण कोणास मत दिलें हें सांगण्याची सक्ति कोणावरहि करतां येणार नाहीं. मुलानें बापाच्या, नोकरानें धन्याच्या, भाडेकऱ्यानें घरमालकाच्या भिडेस न पडतां आपला कौल द्यावा, म्हणून तो आडोसा आहे. पांच वर्षांतून एक दिवस जो आडोसा आपण लोकशाहीचा आधार मानतों, तो उरलेल्या दिवसांत संशयास्पद कसा ठरतो? मत पेटींत पडतें एका क्षणीं. तें तयार होतें वर्षानुवर्षांच्या वाचनानें, पत्रव्यवहारानें आणि मित्रांशीं केलेल्या मोकळ्या बोलण्यानें.

आतां कायद्याचा इतिहास थोडक्यांत पाहूं. तारांचा कायदा १८८५ चा आणि टपालाचा १८९८ चा. सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या प्रसंगीं निरोप व लखोटे अडविण्याचा अधिकार परकी सरकारनें दोहोंतहि आपल्याकडे ठेविला होता. इंग्रज गेले, कायदे राहिले. पुढें १९८६ सालीं सरकारास लखोटे अडविण्याची अधिक व्यापक सत्ता देणारें विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं संमत करून राष्ट्रपति झैलसिंग यांच्याकडे धाडलें. त्यांनीं त्यावर सही केली नाहीं आणि तें परतहि पाठविलें नाहीं. १९८७ च्या जुलैंत त्यांची मुदत संपली तेव्हां तें तसेंच पडून होतें, आणि त्याचा कायदा अखेरपर्यंत झाला नाहीं. एका वृद्ध गृहस्थानें लेखणी न उचलतां केलेलें हें देशकार्य आम्हांस लहान वाटत नाहीं.

न्यायालयाचा मार्ग याहून वांकडातिकडा आहे. खाजगीपणाचा हक्क असे शब्द आपल्या घटनेंत नाहींत. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनीं झडतीच्या एका प्रकरणांत असा हक्क मानण्यास नकार दिला. १९६२ सालीं खडकसिंग नांवाच्या उत्तर प्रदेशांतील मनुष्याचें प्रकरण आलें. दरोड्याच्या आरोपांतून तो पुराव्याअभावीं सुटला होता. तथापि पोलीस रात्रीं अपरात्रीं त्याचें दार ठोठावून तो घरीं आहे कीं नाहीं हें पाहत. रात्रींचें हें दार ठोठावणें न्यायालयानें रद्द केलें. परंतु खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें बहुमतानें म्हटलें नाहीं. १९९६ सालीं टेलिफोन चोरून ऐकण्याविषयींच्या खटल्यांत न्यायालयानें कांहीं नियम घालून दिले: हुकूम सामान्यतः गृहसचिवानें द्यावा, तो दोन महिन्यांनीं संपावा, मुदत वाढविली तरी एकंदर सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, आणि एका समितीनें तो तपासावा.

त्यानंतर आलें आधारपत्राचें प्रकरण. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयांतून निवृत्त झालेले न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. सरकारचें म्हणणें असें पडलें कीं, १९५४ आणि १९६२ च्या निकालांप्रमाणें खाजगीपणाचा मूलभूत हक्कच नाहीं. म्हणून तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढें गेला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नवांनींहि एकमुखानें सांगितलें कीं तो हक्क आहे. जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कांतच तो अंतर्भूत आहे.

या निकालांतील एक गोष्ट एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. आणीबाणीच्या काळांत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, जबलपूरच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला होता कीं, स्थानबद्धाला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं. पांचांपैकीं चार न्यायमूर्ति त्या बाजूचे होते. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध होते, आणि पुढें ज्येष्ठता डावलली जाऊन त्यांचें सरन्यायाधीशपद गेलें. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. आणि १९७६ चा तो निर्णय सदोष होता, तो रद्द समजावा, असें त्यांनीं आपल्या निकालपत्रांत लिहिलें. वडिलांचें मत मुलानें देशाच्या सर्वोच्च पीठावरून खोडून काढलें. कित्येक जुन्या मंडळींस हा पितृभक्तीचा भंग वाटला असेल. आम्हांस त्यांत पुत्रधर्मच दिसतो. पितृऋण फेडावयाचें तें वडिलांची चूक गादीखालीं जपून नव्हे. ज्या घरांत मुलास वडिलांहून भिन्न मत तयार करण्याची मोकळीक मिळते, त्याच घरांतून असा पुत्र निघतो. आणि ही मोकळीक म्हणजेच ज्यास आम्ही खाजगीपणा म्हणतों ती होय.

योगायोग असा कीं, त्याच १९७६ सालीं अमेरिकेंत व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या दोन संशोधकांनीं गुप्तलेखनाची एक नवी रीति प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व समजण्यास गणिताची गरज नाहीं. समजा, पुण्याची बहीण नागपूरच्या भावाकडे एक उघडें कुलूप पाठविते आणि चावी आपल्यापाशींच ठेवते. भाऊ पेटींत पत्र घालतो, तें कुलूप दाबून लावतो आणि पेटी रवाना करतो. आतां ती पेटी वाटेंत कोणाच्याहि हातीं पडो, ती उघडूं शकेल ती फक्त बहीण. खुद्द भावासहि ती पुन्हां उघडतां येणार नाहीं. आपल्या खिशांतील टेलिफोनावरून जाणाऱ्या संदेशांस आज जें कुलूप असतें तें याच तत्त्वावर उभें आहे. व्हॉट्सॲपनें २०१६ च्या एप्रिलपर्यंत तें सर्व संदेशांस लाविलें. परंतु एवढ्यावर निश्चिंत होणें शहाणपणाचें नाहीं. कुलूप पेटीच्या आंतील मजकुराचें रक्षण करतें. वरच्या पत्त्याचें करीत नाहीं. कोणी कोणास, किती वाजतां, कितीदां निरोप धाडला ही नोंद बाहेर उरतेच. एका गृहस्थानें रात्रीं दोनदां डॉक्टरास, सकाळीं विमाकंपनीस आणि दुपारीं वकिलास टेलिफोन केला, एवढेंच कळलें तरी आंतला मजकूर ओळखण्यास ज्योतिषी लागत नाहीं.

येथें आमचे विरोधक एक सबळ आक्षेप घेतील, आणि तो टाळणें योग्य नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत हल्लेखोर व त्यांचे दूरचे सूत्रधार यांचें टेलिफोनवरील बोलणें आपल्या यंत्रणेनें ऐकलें, आणि तें पुढें न्यायालयांत पुराव्यादाखल उपयोगीं पडलें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा टेलिफोनवरून पसरलेल्या अफवेपायीं, भटक्या जमातींतील पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. अशा वेळीं, संदेश प्रथम कोणी धाडला हें सरकारनें विचारूं नये काय? २०२१ च्या फेब्रुवारींतील नियमांनीं मोठ्या कंपन्यांवर, रीतसर हुकूम आल्यास, हें सांगण्याचें बंधन घातलें. त्याविरुद्ध व्हॉट्सॲपनें दिल्लीच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली.

सरकारनें कधींच कान देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पहारेकरी पाहिजे, पण पहारेकऱ्याच्या हातीं सर्व घरांच्या चाव्या देणें निराळें. ज्यावर संशय आहे त्याची पेटी हुकूम घेऊन उघडावी. पण त्यासाठीं कोट्यवधि लोकांचीं कुलुपेंच कच्चीं करावीं हें आम्हांस पटत नाहीं, कारण कच्चें कुलूप पोलिसास उघडतें तसें चोरासहि उघडतें. म्हणून प्रत्येक हुकुमाविषयीं चार प्रश्न विचारण्याची संवय नागरिकांनीं लावून घ्यावी. हुकूम कोणीं दिला? त्याचें कारण कागदावर आहे काय? त्याची मुदत किती? आणि तो बरोबर होता कीं नाहीं हें तपासणारा हुकूम देणाऱ्याच्याच पंक्तींतला तर नाहीं? या चौथ्या प्रश्नापाशीं आपली व्यवस्था आजहि लंगडी पडते. तपासणीच्या समित्या सरकारी सचिवांच्याच असतात. तींत न्यायाधीश नसतो. २०२३ या एकाच वर्षीं दूरसंचाराचा, टपालाचा आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा असे तीन कायदे संसदेनें केले. पहिल्या दोहोंत निरोप व टपाल अडविण्याचा जुना अधिकार कायम आहे. तिसऱ्यांत सरकारास आपल्या खात्यांस व यंत्रणांस सूट देण्याची मुभा आहे. कोणताहि पक्ष राज्यावर असो, हा दोष दोषच. आपल्या आवडत्या पक्षाच्या हातीं जी सत्ता द्यावयाची, ती उद्यां नावडत्या पक्षाच्या हातीं जाणार आहे, हें मनांत धरूनच ती द्यावी.

"लपवायचें कांहीं नाहीं" म्हणणाऱ्यांस पालघरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळासाहेब ठाकरे यांचें निधन झालें आणि मुंबई बंद राहिली. त्या बंदाविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकावर आपलें मत लिहिलें. तिच्या मैत्रिणीनें त्यास केवळ पसंति दर्शविली. दोघींसहि अटक झाली. त्या दोघींनीं कांहींएक लपविलें नव्हतें. सर्व उघड्यावर लिहिलें होतें! पुढें पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्याचें ज्या प्रकारच्या अटकांमुळें बदनाम झालेलें ६६अ कलम, तें २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केलें. पण सज्जनास भय नसतें हें म्हणणें त्या रात्रीं त्या दोन मुलींच्या उपयोगीं पडलें नाहीं.

धर्माविषयींहि आमचें मत याच सूत्रानें बांधलेलें आहे. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांत पहिलें दर्शन चार्वाकाचें आहे. वेद न मानणाऱ्याचें म्हणणें आधीं नीट मांडावयाचें आणि मग त्याचा परामर्श घ्यावयाचा, ही आपल्या शास्त्राची रीत. ती रीत आपण ग्रंथांत ठेविली. समाजांत मात्र १८८८ सालीं 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांची ते जिवंत असतांना प्रेतयात्रा काढली. घटनेच्या २५ व्या कलमानें धर्माचरणाच्याहि आधीं विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख केला आहे, आणि तो क्रम आम्हांस अगदीं योग्य वाटतो. ज्याची संध्या कोणी मोजीत नाहीं, त्याचीच संध्या खरी. घरांतील तरुणानें देव मानला किंवा न मानला, याचा हिशेब वडील मंडळींनीं रोज मागितला, तर हातीं श्रद्धा न येतां तपासणीच्या दैनंदिनीसारखें कांहींतरी येईल.

शेवटीं आपण घराशींच येऊन पोंचलों. सरकारच्या नांवानें बोटें मोडणें सोपें आहे. परंतु सुनेचें माहेरचें पत्र आधीं सासूसासऱ्यांनीं फोडून वाचावयाचें आणि मग तिच्या हातीं द्यावयाचें, ही चाल आपल्याच वाड्यांतून नांदली. त्या काळची मुलगी माहेरीं काय लिहीत असे? "मी येथें सुखरूप आहे." दुसरें लिहिणार तरी काय? आज लखोट्याची जागा टेलिफोनानें घेतली. सुनेनें तो कुलूप लावून ठेविला तर भुंवया चढतात. मुलानें कुटुंबाच्या सामाईक गटांत राजकारणावर निराळें मत लिहिलें तर काका, मामा, आत्या मिळून त्याची चौकशी करतात. याची दुसरीहि बाजू आहे. म्हाताऱ्या आईबापांचे टेलिफोन, बँकेचे गुप्त अंक आणि आलेले निरोप मुलगा "तुम्हांला कळत नाहीं" म्हणून परस्पर हाताळतो. आईनें आपल्या बहिणीस काय कळविलें हें तो तिच्याआधीं वाचतो. हेतु चांगला असतो. सरकारचाहि हेतु चांगला असतो, असें सरकार सांगतेंच!

लहान मुलांवर नजर ठेविली पाहिजे, आजाऱ्यास मदत केली पाहिजे, फसवणुकीचे निरोप ओळखावयास वृद्धांस शिकविलें पाहिजे. हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण जाणत्या माणसाचें पत्र त्याच्या संमतीनेंच उघडावें, आणि त्यानें नाहीं म्हटल्यास कारण विचारूं नये, हा नियम प्रत्येक घरानें करावा. असा नियम पाळणाऱ्या घरांतील मनुष्य उद्यां कचेरींत बसला, न्यायासनावर बसला किंवा मंत्री झाला, तर दुसऱ्याच्या लखोट्यास हात लावण्यापूर्वीं तो क्षणभर थांबेल. ज्याच्या घरीं हा नियम नाहीं, त्यास घटनेचें कलम पाठ असूनहि तें थांबणें सुचणार नाहीं.